दादांची फियाट आणि आठ अँपिअरचा फ्यूज

मागील अंकांत कबूल केल्याप्रमाणें या खेपेस समासांविषयीं लिहावयाचें होतें. परंतु मध्यंतरीं आमच्या घरीं एक प्रसंग घडला, आणि त्याचें कारण इतकें क्षुल्लक व इतकें सार्वत्रिक आढळलें कीं, हें पान त्यासच द्यावें असें ठरविलें. समास पुढील महिन्यावर गेले, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, यवतमाळास वकिली करीत. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनीं १९७८ सालीं जुनी म्हणूनच घेतली. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचा तो काळ होता. ही गाडी परदेशी नांवाची असली तरी आपल्याच प्रांतांतली, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन तेथें लहान मोटारी होऊं लागल्या. १९५४ च्या सुमारास निघालेल्या फियाटला तिच्या फुगीर तोंडावळ्यामुळें लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ पासून डिलाइट आली, आणि १९७४ मध्यें त्याच देहाला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. एकाच घराण्यांत डुक्कर आणि पद्मिनी नांदल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

दादा जाऊन आतां सहा वर्षें होतील. गाडी वहिनींच्या अंगणांत निंबाखालीं उभी असते. पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास असतो. सुटीस आला कीं तो ती धुतो, पुसतो, चालवितो. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जो नियम केला, त्याअन्वयें पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते. तिच्या क्रमांकांत व्ही. ए. हीं अक्षरें येतात, शुल्क वीस हजार रुपये पडतें, आणि ती रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. हा मान दादांच्या गाडीस मिळवून द्यावा असें पुतण्याच्या मनांत आहे. हेतु चांगलाच. पण गाडीच्या पुढच्या दिव्यांचा उजेड त्याला मंद वाटूं लागला, आणि येथून आमच्या कथेस आरंभ होतो.

उजेड मंद म्हणून त्यानें मूळचे ४५ वॅटांचे बल्ब काढून शंभर वॅटांचे बसविले. उजेड लख्ख पडला खरा. पण पंधरावीस मिनिटें गाडी चालली कीं एका बाजूचा दिवा जाई. मिस्त्रीनें पाहिलें, फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही उडाला. तिसऱ्या वेळीं त्यानें सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद काढून त्या मेलेल्या फ्यूजभोंवतीं गुंडाळला, आणि तो जागेवर दाबून म्हणाला, "आतां जन्मांत उडणार नाहीं." त्यानें अक्षरशः सत्य सांगितलें होतें.

नातवाच्या मुंजीची पहिली अक्षत कळंबच्या चिंतामणीस द्यावयाची होती. यवतमाळापासून कळंब फार दूर नाहीं; नागपूरच्या रस्त्यानें पाऊण तासांत जाऊन पोंचतां येतें. वहिनींची इच्छा, दादांच्याच गाडीनें जावें. पुढें पुतण्या आणि बटु, मागें वहिनी आणि मी. दर्शन झालें, अक्षत दिली, देवळांतून निघावयास तिन्हीसांजा झाल्या. परततांना दिवे लावून दहा-बारा मिनिटें झालीं असतील, तोंच रबर जळाल्याचा वास आला, आणि पाठोपाठ पुढच्या फळीखालून धूर. मुलगा "बाबा, पायाशीं चटका बसतोय," म्हणून ओरडला. पुतण्यानें गाडी कडेला घेऊन दिवे मालवले, आम्हां तिघांस उतरविलें, आणि बॉनेट उघडून पान्यानें बॅटरीची तार सोडविली. त्याचें प्रसंगावधान वाखाणण्याजोगें होतें. पण त्या काळोखांत, बाजूनें ट्रकांची रांग धडधडत जात असतां, नऊवारी सावरीत आणि नातवाचा हात घट्ट धरून पऱ्हाटीच्या रिकाम्या शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या वहिनी मला अजून दिसतात. घरीं येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, चाळीस वर्षें हे ही गाडी चालवीत होते. असें कधीं झालें नाहीं. तेव्हां काय बदललें तें मला शोधून द्या. नाहीं सांपडलें, तर मुंजीच्या आधीं गाडी विकून टाकूं."

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. आयुष्य संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेलें. परंतु खेड्यांतल्या शाळेंत मास्तरास सर्व कांहीं शिकवावें लागतें, आणि विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांतील 'वितळतार' हा धडा मीं किती वर्गांना शिकविला याची गणति नाहीं. हा शब्द मला फार आवडतो. फ्यूज याचा अर्थच तो आहे. बॉम्बच्या वातीसही इंग्रजींत फ्यूज म्हणतात. पण तो शब्द निराळा, सूत कातण्याच्या चातीच्या लॅटिन नांवापासून आलेला. आपला हा फ्यूज 'फुन्देरे', म्हणजे ओतणें किंवा वितळविणें, या लॅटिन क्रियापदापासून झाला. आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ व आपल्या जुहोत्यादि गणांतील 'हु' धातूचें मूळ एकच मानतात. ज्या धातूपासून होम, हवन आणि आहुति हे शब्द झाले तोच हा! मिस्त्रीस हें सांगून कांहीं उपयोग झाला नसता, पण मला मात्र त्या इंचभर लांबीच्या वस्तूकडे पाहण्याची निराळी दृष्टि मिळाली.

ती वस्तु अशी असते. फियाटसारख्या युरोपीय घडणीच्या जुन्या गाड्यांत चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची, दोन्ही टोकांस निमुळती, सुमारें २५ मिलिमीटर लांब व ६ मिलिमीटर जाड अशी कांडी असते. तिच्या अंगच्या खांचेंतून धातूची पातळ पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असते. पितळेच्या दोन स्प्रिंगी कानांमध्यें ती दाबून बसवितात. कांडीच्या रंगावरून तिची शक्ति कळते: पिवळी ५ अँपिअर, पांढरी ८, तांबडी १६, निळी २५. दिव्यांचा प्रवाह या पट्टींतूनच जातो. तारेंतून प्रवाह वाहिला कीं उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ च्या सुमारास दाखविलें. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आठ अँपिअरच्या जागीं शंभर अँपिअर वाहूं लागले, तर उष्णता सुमारें दीडशेंपट! म्हणून साऱ्या मार्गांत एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावयाची. जें जळावयाचें तें तेथें, डोळ्यांसमोर, क्षणांत जळावें, आणि पडद्याआडच्या तारा वांचाव्या. टेलिग्राफच्या यंत्रांना विजेच्या तडाख्यापासून राखण्यासाठीं बारीक तारेचा तुकडा मध्यें घालावा, अशी सूचना ब्रेगे या फ्रेंच गृहस्थानें १८४७ सालींच केली होती.

आतां आमच्या गाडीचा हिशेब पाहा. बॅटरी बारा व्होल्टांची. ४५ वॅटांचा एक बल्ब पावणेचार अँपिअर घेतो. आठ अँपिअरच्या फ्यूजला हा भार निम्म्याहून कमी. शंभर वॅटांचा बल्ब सव्वाआठ अँपिअरांहून थोडें अधिकच घेतो, आणि इंजिन चालू असतां दाब बारा व्होल्टांवर चढतो तेव्हां आणखी. एवढ्याशा जास्तीनें फ्यूज तत्काळ उडत नाहीं. तो हळूहळू तापत राहतो. त्यांत आमचा उन्हाळा. चैत्र-वैशाखांत यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांस टेकतो, फळीखालची जागा त्याहून तापलेली. म्हणून पंधरावीस मिनिटांनीं तो वितळे. याचा अर्थ असा कीं, फ्यूज तीनदां अगदीं बरोबर वागला. तीनदां त्यानें सांगितलें, "हा भार या तारेचा नव्हे." त्याचें ऐकून घेण्याऐवजीं आम्हीं त्याच्या तोंडांत बोळा कोंबला.

तरी केवळ जड बल्बांनीं एवढा धूर होता ना. दुसरें कारण मला तिसऱ्या दिवशीं सांपडलें, आणि तें शोधण्याची युक्ति वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. प्रथम बॅटरीची जमिनीकडची, म्हणजे गाडीच्या पत्र्यास जोडलेली तार सोडवून जळक्या तारा तेवढ्या बदलून घेतल्या. मग पुढचे दोन्ही बल्ब काढून ठेवले. फ्यूजही काढला, आणि त्याच्या जागीं दोन कानांस बारा व्होल्टांचा एक लहान बल्ब जोडला. बॅटरी जोडून दिव्यांचें बटण लावलें. मार्गांत दुसरा बल्बच नाहीं, तेव्हां हा लहान बल्ब विझलेला राहावयास हवा. तो पूर्ण तेजानें पेटला, तर प्रवाह कोठें तरी पत्र्यांत उतरतो आहे असें समजावें. आमचा पेटला. मग पुतण्या तारांची जुडी एका टोकापासून हलवीत गेला, आणि मी बल्बाकडे डोळे लावून बसलों. उजव्या दिव्याच्या वाटीमागें त्याचा हात पोंचला आणि बल्ब विझला. तेथें पत्र्यांतून तार जाते त्या भोंकास रबरी कडें असतें. पन्नास वर्षांच्या उन्हानें तें वाळून गळून पडलें होतें, आणि पत्र्याच्या धारेवर घासून तार उघडी झाली होती. गाडीच्या धक्क्यानें ती पत्र्यास टेकली, कीं बॅटरीचा सारा जोर त्या तारेंतून वाहणार. पांढरा फ्यूज असता तर पापणी लवण्याच्या आंत उडाला असता, एक दिवा गेला असता, आणि आम्ही दुसऱ्या दिव्यावर घरीं आलों असतों. कारण या गाडींत उजव्या आणि डाव्या दिव्यांचे फ्यूज वेगवेगळे असतात, तें याचसाठीं. चंदेरी कागद मात्र तसाच होता. त्याच्या बदल्यांत सहा फूट तार, तिच्या शेजारच्या चार तारा, आणि पायाखालचा गालिचा जळाला.

आतां मूळ प्रश्न राहिला: उजेड मंद कां झाला होता? येथेंच खरी गोम होती. फ्यूजपेटीचे पितळी कान काळे पडले होते, त्यांची पकड सैल झाली होती, आणि दिव्याची जमिनीकडची तार जेथें पत्र्यास स्क्रूनें आवळलेली असते तेथें गंजाचा थर होता. अशा प्रत्येक सांध्यापाशीं थोडथोडा दाब गळतो. बल्बास मिळणारा दाब दहा टक्के घटला तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. बल्ब निर्दोष होते, बॅटरी निर्दोष होती. मळ साचला होता सांध्यांत. बारीक पॉलिश पेपरनें कान घांसले, चिमट्यानें किंचित् आंत वळविले, गंज खरवडून स्क्रू आवळला, नवें रबरी कडें बसविलें, आणि जुने ४५ वॅटांचेच बल्ब लावले. त्या रात्रीं अंगणाच्या भिंतीवर जो प्रकाश पडला तो पाहून पुतण्या कांहीं वेळ बोललाच नाहीं.

फ्यूज विकत घेण्याची कथाही सांगण्यासारखी आहे. यवतमाळांत पांढरी कांडी मिळाली नाहीं. एका दुकानदारानें तांबडी पुढें केली. "मास्तर, मापाला एकच आहे, बसते," म्हणाला. मापाला एकच हें खरें. पण ती सोळा अँपिअरची, आणि तार आठ अँपिअरला बेतलेली. फ्यूज तारेसाठीं असतो, बल्बासाठीं नव्हे, हें ज्यानें ध्यानांत घेतलें तो तांबडी कधीं घेणार नाहीं. अखेर नागपूरहून पांढऱ्या आणविल्या. नव्या प्लॅस्टिकच्या कांड्या सैल कानांत बसविल्या तर टोकाशीं तापून मऊ पडतात. म्हणून कान घट्ट केल्यावांचून नवा फ्यूज घालूं नये, आणि घातल्यावर बोटानें दोन-चार वेळां फिरवावा, म्हणजे सांधा स्वच्छ होतो.

ज्यांच्या घरीं जुनी अँबॅसॅडर आहे त्यांना एक निराळी सूचना देणें जरूर आहे. ती गाडी मूळची विलायती मॉरिस, आणि तिच्यांतले फ्यूज कांचेच्या नळीचे. त्यांवर ३५ अँपिअर असा आंकडा दिसतो. पण जुन्या लूकस पद्धतींत हा आंकडा फ्यूज ज्या प्रवाहास उडतो त्याचा असे, आणि नेहमीं वाहूं द्यावयाचा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सतरा-साडेसतरा अँपिअर. अमेरिकी पद्धतीच्या कांचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलें असेल, तर तो ३५ अँपिअर निमूटपणें वाहूं देतो. आंकडा तोच, आकार साधारण तोच, अर्थ दुप्पट! भाषेंत समानार्थी दिसणारे शब्द जसे फसवितात तसेंच हें. शिवाय त्या जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्यांच्या मार्गावर पुष्कळदां फ्यूजच नसे. आणि इग्निशन व डायनॅमोच्या तारा तर त्या काळच्या फियाटींतही सहसा विनाफ्यूजच ठेवीत.

यावर पुतण्याचें म्हणणें असें कीं, जुनी पेटीच काढून टाकावी आणि १९७६ पासून निघालेले चपट्या पात्यांचे फ्यूज बसवावे. ते पकडींत घट्ट बसतात, कोठेंही मिळतात. त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ज्याला गाडी रोज चालवावयाची आहे त्यानें तसें जरूर करावें. पण मूळ स्वरूप राखावयाचें म्हणतां, आणि गाडीचें मर्म तेवढें बदलतां, हें मला पटलें नाहीं. शेवटीं मधला मार्ग निघाला: जुनी पेटी घांसूनपुसून तशीच ठेवली; बॅटरीजवळ, सहज दिसणार नाहीं अशा जागीं, बॅटरी तोडण्याचा एक खटका बसविला, म्हणजे पुन्हां कधीं वेळ आलीच तर पाना शोधावयास नको; आणि आग विझविण्याची एक लहान नळकांडी पुढच्या बैठकीखालीं ठेवली. हा खर्च मीं केला, आणि तो कोणी विचारूं नये.

वहिनींना जाऊन मीं सर्व सांगितलें. चंदेरी कागदाचा तो काळवंडलेला तुकडाही दाखविला. त्यांनीं तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. घरोघरीं चिनी मातीचे 'किटकॅट' फ्यूज होते त्या काळीं दादा कोर्टांत असतां दिवे गेले, तर वहिनी स्वतः स्टुलावर चढून फ्यूजची तार बसवीत. पण आधीं खालींच उभ्या राहून साऱ्या घराला विचारीत, "आतां कोणी काय लावलें होतें?" कोणीतरी इस्त्री आणि शेगडी एकाच वेळीं लावल्याचें कबूल करी, ती काढली कीं मगच त्या स्टुलावर चढत. एकदां शेजारच्या मुलानें 'जाड तार घाला काकू, म्हणजे जाणार नाहीं,' असें सुचविलें, तेव्हां त्यांनीं त्याला लाडू देऊन घरीं पाठविलें होतें. आतां बहुतेक घरांत आपोआप पडणारे खटके आले. पण खटका पडतांच तो पुन्हां पुन्हां वर लोटणारे हात मीं पुष्कळ पाहतों, आणि मला वहिनींचें स्टूल आठवतें.

"म्हणजे याला कोणीं विचारलेंच नाहीं, कां उडतोस म्हणून," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि तो तुकडा त्यांनीं माझ्या हातीं परत दिला.

गाडी विकली नाहीं. मुंज यथासांग पार पडली, आणि दुसऱ्या आठवड्यांत वहिनी त्या गाडींतून दत्त चौकापर्यंत जाऊन भाजी घेऊन आल्या. मात्र दिवेलागणीच्या आधीं परतावयाचें, या अटीवर. कळंबास त्या अजून तिच्यांतून गेलेल्या नाहींत. पांढऱ्या चार कांड्या कागदांत गुंडाळून मीं फ्यूजपेटीच्या झाकणापाशीं ठेवल्या आहेत, आणि कागदावर '८, तांबडी नको' असें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे. परवां पुतण्याचा पुण्याहून फोन आला होता. ते शंभर वॅटांचे बल्ब कोठें ठेवले म्हणून विचारीत होता. ते माझ्या कपाटांत, अमरकोशाच्या मागें आहेत. शोधून कळवितों, असें मीं त्याला सांगितलें आहे.